ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील समाजकार्य

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील समाजकार्य म्हणजे ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या हद्दीत आणि त्यांना लागून असलेल्या मुंब्रा, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या नागरी पट्ट्यात चालणारे व्यावसायिक तसेच स्वयंसेवी समाजकार्य होय. मनोरुग्णांचे पुनर्वसन, रेल्वे स्थानकांवर सापडणारी मुले, कौटुंबिक हिंसाचार, वेठबिगारी व सफाई कामगारांचे प्रश्न आणि सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णसाहाय्य ही या कामाची प्रमुख क्षेत्रे आहेत. २०१५ नंतरच्या काळात नव्या कायद्यांमुळे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याची गरज वाढली. मात्र त्याच काळात त्याच्या पात्रतेविषयी, नोंदणीविषयी आणि सेवाशर्तींविषयी अनेक प्रश्न उभे राहिले.

संज्ञा

मराठीत समाजसेवा, समाजकारण, समाजसुधारणा आणि समाजकार्य हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. ‘समाजसेवक’ ही उपाधी तर कोणालाही लावता येते. चौकातील वाढदिवसाच्या फलकांवर ती स्थानिक पुढाऱ्यांच्या नावामागे सर्रास आढळते. समाजकार्य ही अभ्यासक्रमातील संज्ञा मात्र अधिक नेमकी आहे. व्यक्ती सहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती या पद्धतींचे शिक्षण आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले क्षेत्रकार्य यांवर आधारलेला व्यवसाय, असा तिचा अर्थ घेतला जातो. आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघाने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत समाजकार्याचे वर्णन व्यवहारावर आधारित व्यवसाय आणि ज्ञानशाखा असे केले असून सामाजिक न्याय व मानवी हक्क ही त्याची पायाभूत तत्त्वे मानली आहेत.

हा शब्दभेद केवळ पुस्तकी नाही. एखाद्या अत्याचारग्रस्त मुलीचा जबाब नोंदवताना तिच्यासोबत बसणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे की केवळ सहृदय आहे, यावर त्या मुलीच्या खटल्याचे भवितव्य अवलंबून असू शकते.

पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण मुंबईत सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस ही वस्तीत काम करणारी संस्था उभारली होती. तिच्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले आणि १९६४ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. ठाणे-कल्याण परिसरातील रुग्णालये, वस्त्या आणि बालगृहे ही मुंबईतील समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रकार्याची ठिकाणे राहिली आहेत.

ठाणे जिल्ह्याची स्वतःची परंपरा याहून वेगळी आहे. तिचा उगम महाविद्यालयात नसून चळवळीत आणि शिक्षणप्रयोगांत आहे. तलासरी-डहाणू भागात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ ते १९४७ या काळात वारली आदिवासींनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाड येथे नेले. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना या कामातून रुजल्या. हा सर्व भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या विभाजनानंतर पालघर जिल्ह्यात गेला असला, तरी ठाण्यातील अनेक संस्थांचे काम आजही दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले. या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात स्थलांतरित झाली. गिरण्या बंद पडल्यानंतर आणि मुंबईतील घरांच्या किमती वाढल्यानंतर मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे डोंबिवली, कल्याण व बदलापूरकडे सरकली. थोडक्यात, या पट्ट्यातील बहुतेक वस्ती कोणत्या ना कोणत्या विस्थापनातून आलेली आहे.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. अविभाजित ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येसह देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. २०२१ ची नियोजित जनगणना लांबणीवर पडल्याने कल्याणकारी योजनांचे नियोजन दीर्घकाळ याच आकड्यांवर चालत आले आहे. कल्याण-डोंबिवलीत आणखी एक अडचण आहे. तेथील २७ गावे महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. कोणत्या कार्यालयाने कोणत्या कुटुंबाची जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न या फेरफारांत वारंवार उपस्थित झाला.

ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालय

परिसरातील व्यावसायिक समाजकार्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कठीण भाग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाशी निगडित आहे. १९०१ मध्ये नौपाडा भागात सुरू झालेले हे रुग्णालय देणगीदाराच्या नावावरून दीर्घकाळ नरोत्तमदास माधवदास मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाई. १,८५० खाटांची मंजूर क्षमता असलेले हे रुग्णालय येरवड्याखालोखाल राज्यातील दुसरे मोठे शासकीय मनोरुग्णालय आहे. राज्यातील अन्य दोन शासकीय मनोरुग्णालये नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या नियोजित रेल्वे स्थानकासाठी या रुग्णालयाच्या जमिनीचा काही भाग वापरण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोकळा केला. एकेकाळी गावाबाहेर उभारलेली ही संस्था आता शहराच्या अगदी मध्यावर आली आहे.

१९१२ चा वेडेपणाविषयक कायदा रुग्णाला बंदिस्त ठेवण्याच्या दृष्टीने घडवलेला होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची जागा घेतली. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मात्र हा सारा पाया बदलला. अधिनियमाच्या कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी उपलब्ध नाहीत, या कारणांसाठी तिला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

प्रत्यक्षात बरे झालेले परंतु घरी नेण्यास कोणीच येत नसलेले रुग्ण हा ठाण्यासह चारही रुग्णालयांचा जुना प्रश्न आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून तो ठळकपणे पुढे आला. घरी पाठवण्यास योग्य ठरूनही ठाण्याच्या रुग्णालयात सुमारे १२ वर्षे राहिलेल्या एका महिलेचे प्रकरण त्या सुनावणीत चर्चिले गेले. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि जिल्हा पातळीवरील पुनर्विलोकन मंडळे कार्यान्वित करणे, दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांची पुन्हा तपासणी करणे आणि त्यांच्या पुनर्वसनाची व्यवस्था करणे, हे विषय या याचिकेच्या निमित्ताने न्यायालयासमोर आले. त्याआधी २०१७ मध्ये गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही बरे झालेल्या रुग्णांसाठी मध्यमार्गी निवासगृहे उभारण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते.

रुग्ण ‘बरा’ झाल्यावर डॉक्टरचे काम बव्हंशी संपते आणि समाजकार्यकर्त्याचे खरे काम सुरू होते. पोलिसांनी रस्त्यावरून आणलेल्या व्यक्तीचा पत्ता शोधणे हा त्यातील पहिला टप्पा असतो. अधिनियमाच्या कलम १०० नुसार भटकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षणात घेण्याचे कर्तव्य पोलिसांवर आहे, पण आणलेल्या व्यक्तीचे नावगाव बहुधा माहीत नसते. उपचारांनी मन स्थिरावू लागले की रुग्ण तुटक तपशील सांगू लागतो: गावातील एखादे देऊळ, नदीचे नाव, जवळच्या बाजाराचा वार, लहानपणी ऐकलेल्या एखाद्या पदार्थाचे नाव. बोलीवरून राज्य व जिल्हा हेरणे, त्या भागातील पोलीस ठाणे किंवा ग्रामपंचायत गाठणे, छायाचित्र पाठवून ओळख पटवणे, असा हा शोध पुढे जातो. आधार नोंदणीतील बोटांच्या ठशांवरून ओळख पटल्याची उदाहरणेही देशात आढळतात.

घर सापडले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. पतीने दुसरे लग्न केलेले असते, भावांनी वाटणी उरकलेली असते, शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते. स्त्रियांच्या बाबतीत परत स्वीकारण्यास नकार अधिक प्रमाणात मिळतो, असे या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचे सार्वत्रिक निरीक्षण आहे. कुटुंबाला आजाराचे स्वरूप समजावून सांगणे, औषधे कोठे मिळतील याची सोय लावणे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून देणे आणि घरी पोहोचल्यानंतरही काही महिने संपर्क ठेवणे ही कामे झाली नाहीत, तर तोच रुग्ण पुन्हा त्याच फलाटावर दिसू शकतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘तराशा’ या क्षेत्रीय कृती प्रकल्पाने ठाण्याच्या रुग्णालयातील बऱ्या होत असलेल्या स्त्रियांसोबत काम केले. घरी परतणे हा एकच पर्याय न मानता नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात राहणे, कौशल्य शिकणे आणि रोजगार मिळवून स्वतंत्र जगणे हा मार्ग या प्रकल्पाने प्रत्यक्षात आणून दाखवला. डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे कर्जत येथील केंद्र रायगड जिल्ह्यात असले, तरी रेल्वेमार्गावर भटकणाऱ्या मनोरुग्णांच्या दृष्टीने ते ठाणे-कल्याण पट्ट्यालाही जोडलेले आहे. या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालयाबाहेरच्या मानसिक आरोग्यकार्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था महत्त्वाची आहे. प्रशिक्षित स्वयंसेवकांना मानसिक आरोग्याच्या कामात सामावून घेणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. ‘वेध’ या व्यवसायप्रबोधन परिषदेमुळे ती ठाण्याबाहेरही परिचित झाली.

स्थानकांवरील मुले आणि बालसंरक्षण

कल्याण हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. उत्तरेकडून नाशिकमार्गे आणि दक्षिणेकडून पुणेमार्गे मुंबईला येणाऱ्या गाड्या येथे एकत्र येतात. घर सोडून आलेली मुले मुंबईपर्यंत पोहोचण्याआधी बहुधा येथेच किंवा ठाण्याला उतरतात. मारहाण, परीक्षेतील अपयश, सावत्र नाते, कामाचा शोध किंवा केवळ मुंबई पाहण्याची ओढ अशी त्यामागची कारणे असतात. पहिल्या काही तासांतच मूल योग्य व्यक्तीच्या हाती लागले तर घरी परतण्याची शक्यता मोठी असते. काही आठवडे फलाटावर गेले की नशा, टोळी आणि पैसा यांची सवय जडते आणि परत फिरणे अवघड होते.

ठाण्यातील समतोल फाउंडेशन ही संस्था स्थानकांवर सापडलेल्या मुलांशी संवाद साधून त्यांना कुटुंबात परत पोहोचवण्याचे काम करते. कल्याणजवळ मामणोली येथे तिचे मनपरिवर्तन केंद्र आहे. मुलाला लगेच घरी न सोडता काही काळ शिबिरात ठेवून त्याची आणि पालकांचीही तयारी करून घेणे, ही तिची पद्धत आहे. रेल्वे सुरक्षा दलही ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेखाली अशी मुले ताब्यात घेऊन बाल कल्याण समितीकडे सोपवते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. समितीच्या आदेशानंतर १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर होणे अपेक्षित असते. हा अहवाल समाजकार्यकर्ता, परिविक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकारी तयार करतो. घराची स्थिती, पालकांचे वर्तन, शाळेतील उपस्थिती, शेजाऱ्यांचे म्हणणे आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे त्यात यावे लागते. मुलाने घरी जायचे की बालगृहात राहायचे, हा निर्णय बव्हंशी या कागदावर घेतला जातो. परराज्यातील मुलाच्या बाबतीत १५ दिवसांत असा अहवाल मिळणे किती कठीण असते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. सुमारे पाव शतक ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून चालली. ‘मिशन वात्सल्य’ या योजनेनंतर २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने शासनाकडे घेण्यात आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. या बदलाच्या बाजूने एकसंध यंत्रणा व निश्चित निधी हे मुद्दे मांडले गेले. पोलिसांशी जोडलेल्या क्रमांकावर घाबरलेले मूल बोलेल का, आणि वर्षानुवर्षे काम केलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांचे काय, हे आक्षेप विरोधात घेण्यात आले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. गुन्हा नोंदवण्यास विलंब झाल्याच्या आरोपावरून २० ऑगस्ट रोजी नागरिकांनी बदलापूर स्थानकात कित्येक तास रेल्वे वाहतूक रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतील मुलांच्या सुरक्षिततेच्या उपाययोजना सुचवण्यासाठी समिती नेमली. सार्वजनिक चर्चा बहुतांशी आरोपीच्या शिक्षेभोवती फिरली. पीडित बालकाला तपास व खटल्याच्या काळात मिळणाऱ्या आधाराची चर्चा तुलनेने कमी झाली. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण अधिनियम, २०१२ आणि त्याखालील २०२० चे नियम यांत साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. ही व्यक्ती बालकाला कायदेशीर प्रक्रिया समजावून सांगते, वैद्यकीय तपासणी व जबाबाच्या वेळी सोबत राहते आणि खटल्याच्या प्रगतीची माहिती कुटुंबाला देते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना निर्देश दिले. अशा प्रशिक्षित व्यक्तींची पुरेशी यादी प्रत्येक जिल्ह्यात तयार असणे ही त्याची पूर्वअट आहे.

रस्त्यावरच राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा वेगळा प्रयोग ठाण्यात झाला. तीन हात नाका येथील उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी जून २०१६ मध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना दूरच्या शाळेत नेण्याऐवजी शाळाच त्यांच्या जागी आणणे, ही तिच्यामागची कल्पना होय. वीटभट्टीवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या भोंगाशाळा या कल्पनेच्या पूर्वसूरी म्हणता येतील.

स्त्रियांवरील हिंसाचार

पोलीस यंत्रणेच्या आत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याला जागा मिळवून देणारा ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ हा महाराष्ट्रातील समाजकार्याचा एक वैशिष्ट्यपूर्ण उपक्रम आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला. २००५ पासून राज्य शासनाने तो स्वीकारून इतर जिल्ह्यांत विस्तारला. तक्रारदार स्त्रीला ‘समजावून’ परत पाठवण्याऐवजी हिंसा थांबवणे हे प्रथम उद्दिष्ट मानणे, हा या कक्षाच्या पद्धतीचा गाभा होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ने संरक्षण अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. नंतर ‘सखी’ एकथांबा केंद्रांची भर पडली.

मुंब्र्यात आवाज-ए-निस्वान या मुंबईतील मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेने रहनुमा हे ग्रंथालय व केंद्र चालवले. तलाकपीडित व हिंसाग्रस्त स्त्रियांना कायदेविषयक साहाय्य आणि मुलींना वाचायला व भेटायला हक्काची जागा, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. ‘परचम’ या गटाने २०१२ मध्ये मुंब्र्यातील मुलींना फुटबॉल खेळण्यासाठी एकत्र आणले. खेळायला मैदान मिळवणे हेच पुढे त्यांचे नागरी आंदोलन झाले. समुदाय संघटनाचे हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात मागणी अगदी साधी होती आणि ती मान्य करताना सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न महापालिकेपुढे आपोआप आला.

श्रमिकांचे प्रश्न

विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली. वेठबिगारीतून मुक्ततेचे या संघटनेचे काम वसईपासून भिवंडी, शहापूरपर्यंत पसरले. कल्याण, भिवंडी व अंबरनाथ परिसरातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन हंगामभर राबतात. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ पासून असला, तरी उचल हे कर्ज आहे की मजुरीची आगाऊ रक्कम, या वादात पुष्कळ प्रकरणे अडकतात. मुक्ततेचा दाखला मिळाल्याशिवाय पुनर्वसनाचा लाभ मिळत नाही. त्यामुळे तो दाखला मिळवणे हेच कार्यकर्त्याचे मुख्य काम होऊन बसते.

शहरी भागात सफाई कामगारांचा प्रश्न तीव्र आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ मध्ये झाला. तरीही मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत तीन कामगारांचा मृत्यू झाला. खासगी संकुले हे काम ठेकेदाराकरवी करून घेत असल्याने मृत कामगाराचा मालक कोण, हे निश्चित करणे अवघड जाते. ठाण्यातील श्रमिक जनता संघाने अशा मृत्यूंचा व नुकसानभरपाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वारसांपर्यंत हा आदेश पोहोचवणे आणि त्यांची कागदपत्रे पूर्ण करून देणे हे काम संघटनांच्या कार्यकर्त्यांकडे आले. समता विचार प्रसारक संस्था ही ठाण्यातील आणखी एक जुनी संस्था वस्तीतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी काम करते. नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने तिच्यासोबत सुरू झालेल्या ‘नाट्यजल्लोष’ने वस्तीतील मुलांना स्वतःचे प्रश्न रंगमंचावर मांडण्याची संधी दिली.

मे २०२० च्या आरंभी टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घेऊन भिवंडीहून गोरखपूरला विशेष रेल्वे गेली. त्या काळात शिधा वाटप, प्रवासाची नोंदणी आणि विलगीकरण केंद्रांतील लोकांशी संपर्क या कामांत परिसरातील बहुतेक सर्व संस्था गुंतल्या होत्या.

रुग्णालयीन समाजकार्य

शासकीय व महापालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) असे पद असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे पूर्ण करणे, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांसाठी रुग्णाला पाठवणे, देणगीदार न्यासांकडून औषधांचा खर्च मिळवणे आणि बेवारस रुग्णांचे नातेवाईक शोधणे ही त्याची नित्याची कामे होत. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचा नियम आहे. तो माहीत नसल्याने अनेक कुटुंबे कर्ज काढून उपचार करतात.

कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथून गुंतागुंतीचे रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे किंवा मुंबईच्या शीव व केईएम रुग्णालयांकडे पाठवले जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाल्याने या व्यवस्थेवरील ताण राज्यभर चर्चेत आला. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना त्याच्या सोबतचा कागद आणि आशा दोन्ही हरवू नयेत, हे पाहणारे पद म्हणजे समाजसेवा अधीक्षक. ते रिक्त असले की त्याची उणीव उपचारांच्या नोंदींत दिसत नाही, म्हणूनच बहुधा ते भरण्याची घाईही होत नाही.

व्यवसायाची स्थिती

डॉक्टर, वकील किंवा परिचारिका यांच्याप्रमाणे समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी सर्वसमावेशक वैधानिक परिषद भारतात नाही. अशा परिषदेची मागणी जुनी आहे. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने प्रथमच चिकित्सालयीन, मनोविकार व वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा वर्तणूकविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात समावेश केला. त्यामुळे रुग्णालयात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला वैधानिक ओळख मिळण्याची वाट खुली झाली. बालगृहात, वस्तीत किंवा न्यायालयात काम करणारा समाजकार्यकर्ता मात्र या चौकटीबाहेर राहिला. एकाच पदवीचे दोन वर्ग यातून निर्माण होतील, अशी शंका घेतली जाते.

पात्रतेचा पेच याहून गंभीर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या करताना समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसोबत दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. ही पदवी आवश्यक मानली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल.च बंद केली. कायद्याने सांगितलेली पात्रता देणारा अभ्यासक्रमच संपुष्टात येत असल्याचे लक्षात आल्यावर चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवण्यात आली. अशी एम.फिल. देणाऱ्या संस्था देशात मुळातच मोजक्या आहेत. ठाण्यासारख्या मोठ्या मनोरुग्णालयात रुग्ण घरी पाठवण्याचे काम ज्या पदावर अवलंबून आहे, त्या पदासाठी मनुष्यबळ कोठून येणार, हा प्रश्न या मुदतवाढीने पुढे ढकलला गेला.

नोकरीची शाश्वती हाही मोठा विषय आहे. बालसंरक्षण कक्ष, एकथांबा केंद्रे, एचआयव्ही समुपदेशन केंद्रे आणि नागरी उपजीविका अभियानातील समुदाय संघटक ही पदे बहुधा कंत्राटी व मानधनावरची असतात. डोंबिवली-कल्याणमध्ये राहून मुंबईतील संस्थेत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्याचा मोठा वेळ लोकल प्रवासात जातो. अनुभव जमू लागण्याच्या सुमारास तो कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात किंवा अन्य व्यवसायात जातो. यात नुकसान केवळ संस्थेचे होत नाही. बालगृहातील मुलासाठी कार्यकर्ता बदलणे म्हणजे विश्वास ठेवण्याचा प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून करणे असते.

निधीच्या स्वरूपातही बदल झाला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परकीय अंशदान विनियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने मिळवलेला परकीय निधी लहान संस्थेला देण्यास मनाई केली. समाजकार्यात प्रशिक्षित माणसाचे वेतन हाच मुख्य खर्च असतो. तो प्रशासकीय खर्चात धरला गेला की प्रकल्प टिकवणे कठीण होते. कंपन्यांचा कल वर्गखोल्या, संगणक, स्वच्छतागृहे अशा मोजता येणाऱ्या व छायाचित्रात दिसणाऱ्या वस्तूंकडे असतो. मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या एखाद्या स्त्रीची तीन वर्षे विचारपूस करणे, हे अशा अहवालात बसवणे अवघड जाते. महानगरपालिकांना महिला व बालकल्याणासाठी तसेच दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकातील प्रत्येकी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. ठाणे महानगरपालिकेची विशेष मुलांसाठीची ‘जिद्द’ शाळा हे महापालिकेने या क्षेत्रात स्वतः चालवलेल्या कामाचे जुने उदाहरण आहे.